माझ्या नावावरची मोटर

११ एप्रिल १९३८, सोमवार
प्रथम माफी. ही डायरी लेकीने, शालूने, संक्रांतीला दिली आणि आज एप्रिल अर्धा होत आला तरी पहिलं पान कोरं. जानेवारीत थंडीने बोटं वळत नव्हती. फेब्रुवारीत चष्म्याची काडी मोडली. मार्चमध्ये का लिहिलं नाही ते आठवत नाही, पण कारण असणारच. आता रोज लिहायचं. निदान एक ओळ.

शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. पण चौतीस वर्षं लोणावळ्याला रेल्वेच्या बत्तीखात्यात काढली. सिग्नलच्या बत्त्या पुसायच्या, तेल भरायचं, वात कातरायची. माझ्या दिव्यापायी एकही गाडी अडली नाही. पुढे सिग्नलला वीज आली, बत्तीखातं बंद झालं, साहेबाने हात मिळवून घरी पाठवलं. त्याच विजेचे चार दिवे गेल्या दिवाळीपासून माझ्या घरात आहेत. बायकोची, रतनबाईची, हौस. कनेक्शन माझ्या नावावर. पैसे तिने कुठून जमवले ते विचारलं नाही. बायकांना विचारलं की त्यांना वाटतं आपण हिशेब मागतो.

आज लिहायचं कारण मोठं आहे. जावई सोपानराव बेडशाहून आले होते. चार भावांत शेत पुरत नाही. इथे बाजारात विजेची पिठाची गिरणी घालायची म्हणतात. गाळा पाहिला आहे. मोटर नथूशेठच्या दुकानात आहे, एकच. शेठ हप्त्याने द्यायला तयार, पण लोणावळ्यातला वजनदार जामीन पाहिजे. तळेगावचा कोणी त्याच मोटरीवर डोळा ठेवून आहे. चोवीस तारखेपर्यंत जामीन उभा राहिला नाही तर मोटर तळेगावला जाणार, आणि सोपानराव पुन्हा भावांच्या शेतावर.

ते म्हणाले, “आबा, तुमी हां म्हनलात तर लय उपकार व्हतील.” मी म्हणालो, झालं समजा. बाजारात माझी पत अशी आहे की गेल्या अकरा वर्षांत एकाही दुकानदाराने माझ्याकडे पैसे मागितलेले नाहीत. मी जातो, जिन्नस घेतो, ‘लिहून घ्या’ म्हणतो, ते लिहून घेतात. किती लोकांना असं जमतं?

रतनबाई ओट्यापाशी चिक्कीच्या वड्या पाडत होती. सुरी जरा थांबली, मग परत चालू झाली.

१३ एप्रिल
काल लिहिलं नाही. उकाडा.

नथूशेठकडे गेलो. त्यांना सांगितलं की कागद दुकानात नको, माझ्या घरी करू. चोवीस तारखेला, रविवारी, दिवेलागणीला या. घर पाहिलं की माणसाची पत कळते. शेठ थोडे घुटमळले. मग वहिनी घरी असतील ना, असं विचारलं. म्हणालो, असेल की, चहा कोण करणार? तेव्हा हो म्हणाले.

घरी येऊन पाहतो तर बाहेरच्या खोलीतला दिवा डोळा मारतो आहे. लागतो, विझतो, लागतो. शेठ बसणार नेमके त्याच खोलीत. रतनबाई म्हणाली, वाहिद मिस्त्रीला बोलवा, त्यानेच फिटिंग केलंय, घडीभराचं काम. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. चौतीस वर्षांचा बत्तीवाला एका दिव्यासाठी मिस्त्री बोलावतो, हे बाजारात कळलं तर जामीन म्हणून मला कोण विचारील? वाहिद माणूस चांगला, पण तो चहा पिताना बोलतो.

निश्चय: काम स्वतः करायचं. अकरा दिवस आहेत. पुष्कळ झाले.

१४ एप्रिल
सामान आणलं. पक्कड एक, पेचकस एक, वायरचं भेंडोळं एक, होल्डर एक. नथूशेठच्या मुनीमाला म्हणालो, लिहून घ्या. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, आज वहिनी नाही आल्या? लोकांना आमच्या घराबद्दल आपुलकी आहे.

संध्याकाळी पाठ धरली. काम उद्या.

१६ एप्रिल, शनिवार
बत्तीखात्याचा पहिला नियम: उजेड कमी वाटला की आधी काच पुसा. दिव्याचा गोळा काढला, चुलीतली राख घेतली आणि चिमणी घासतात तसा घासून लखलखीत केला. परत लावला. लागेना. हलवून पाहिला तर आत काहीतरी किणकिणतं. हल्लीच्या मालात दम नाही. आमच्या सिग्नलची चिमणी जिन्यावरून पडली तरी फुटत नसे. (एकदा फुटली होती. पण जिना उंच होता.)

नवा गोळा आणला. लिहून घ्या.

नवाही डोळा मारतो. म्हणजे दोष गोळ्यात नाही, स्विचमध्ये आहे. एवढं तरी निश्चित झालं.

१७ एप्रिल, रविवार
सकाळी स्टुलावर चढून स्विच उघडला. आत दोन तारा. एकीला बोट लावलं.

शॉक म्हणता येणार नाही. हिसका होता. स्टूल डुगडुगलं आणि मी खाली आलो तो रतनबाईच्या परातीत. स्टेशनाजवळच्या दुकानाची ऑर्डर होती, पाच शेर चिक्की, निवत ठेवलेली. ती परात तिथे का ठेवली, असं मी विचारलं.  तिने माझी कोपरं पुसली, तेल लावलं आणि पुन्हा गूळ चढवला. दुपारचं जेवण तीन वाजता. भात जरा करपट होता, पण मी बोललो नाही. घरात एकाने तरी समजुतीने घ्यायला हवं.

१८ एप्रिल
कंबर. खांदा. डाव्या हाताला मुंग्या. अक्षर त्यामुळे असं.

वाहिद मिस्त्री रस्त्याने जाताना डोकावला. बरं आहे का आबा, म्हणाला. म्हणजे बातमी गेलीच. मी म्हणालो, संधिवात. त्याची नजर उघड्या स्विचकडे गेली. मेन बंद करून हात घातलात ना, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, तर काय, एवढं कळतं. मग मी सहज, इकडचं तिकडचं बोलता बोलता, इतर लोक मेन कुठे शोधतात असं विचारलं. तो म्हणाला, मीटरखालच्या पाटीवर, तुमच्या डोक्याच्या मागे. मी म्हणालो, तेच मी लोकांना सांगतो.

मला वाटत होतं मेन खांबावर असतो.

१९ एप्रिल, मंगळवार
मेन बंद करून स्विचच्या तारा नव्याने जोडल्या. जोड उघडा ठेवायचा नाही हे मला ठाऊक आहे. गुंडाळायला चिकटपट्टी नव्हती. बत्तीखात्यातून निरोप घेताना जुन्या वातींचं एक पुडकं आठवण म्हणून आणलं होतं. चांगली जाड सुती वात, रुंद. दोन्ही जोड तिने घट्ट गुंडाळले. घासलेटाचा वास अजून येतो. सहा वर्षं झाली तरी. माल कसा होता पाहा.

दिवा लागला. डोळा मारला नाही. रतनबाईला हाक मारून दाखवला. तिने नाकाशी पदर धरला आणि हा वास कसला म्हणून विचारलं. मी म्हणालो, कामाचा.

२० एप्रिल
फ्यूज गेला. फ्यूज म्हणजे चिनी मातीची डबी, तिच्यात केसाएवढी तार. ती जळते आणि घर अंधारात. नवी घातली. तासाभरात गेली. पुन्हा घातली. पुन्हा गेली. असं तीनदा. बराच विचार केल्यावर लक्षात आलं की एवढी बारीक तार मुद्दाम ठेवतात. ती जळावी, लोकांनी मिस्त्री बोलवावा, धंदा चालावा. मी सिग्नलच्या तारेचा एक तुकडा जपून ठेवला होता, पेन्सिलीच्या शिशाएवढा जाड. तो बसवला. दुपारपासून एकदाही गेला नाही.

माणसाची पतही अशीच असावी. जाड. थोड्याशा ओझ्याने जळणारी नव्हे. हे वाक्य सोपानरावांना ऐकवायचं.

२२ एप्रिल, शुक्रवार
सकाळी सगळं घर बंद. माझा फ्यूज शाबूत, जाड तार जशीच्या तशी. पण मीटरच्या वर कंपनीची लोखंडी पेटी आहे, तिच्यातला फ्यूज गेला असणार. त्या पेटीला शिशाचं सील. रतनबाई म्हणाली, त्याला हात लावू नका, कंपनीचं आहे. आज तरी वाहिदला बोलवा. परवा शेठ येणार आहेत, शालूच्या घराचा प्रश्न आहे. एवढं लांब वाक्य ती वर्षातून एकदा बोलते.

तिला सिलातलं काय माहीत? मी मालगाडीच्या डब्यांची सिलं चौतीस वर्षं पाहिली आहेत. नियम असा: जबाबदार नोकराला कारण असल्यास सील तोडता येतं, मात्र परत सील लावून नोंद करावी लागते. त्याप्रमाणे काटेकोर केलं. शिसं पुन्हा जोडता येईना, म्हणून कुंकवाच्या कोयरीशेजारची लाख वितळवून लावली. ठसा पाहिजे. माझ्या जुन्या रेल्वेकोटाचं पितळी बटण तोडून दाबलं. छान उमटला, इंजिनाच्या चाकासकट.

नोंद: कंपनीचं सील तोडलं सकाळी १०.४०. आत सिग्नलची तार घातली. सील लावलं ११.२०. सही, रखमाजी, माजी बत्तीवाला.

दिवे लागले. रतनबाईने लाखेबद्दल विचारलं, मी सांगितलं. ती परत चिक्की कापायला बसली. सुरीचा आवाज आज जरा मोठा होता.

२४ एप्रिल, रविवार, सकाळ
सगळं तयार. चारही दिवे एकदा लावून पाहिले, दिवसाउजेडी. ठीक. भिंत थोडी कोमट लागली, पण उन्हाळा आहे. चटई धुतली. कोट काढला. एक बटण कमी आहे, ती जागा मी मुठीने झाकीन. सोपानराव आणि शालू बेडशाहून निघून कामशेतला दुपारची गाडी धरतील.

शेठ काय विचारतील याची उत्तरं मनात मांडली. शेठ, माझा शब्द म्हणजे, वगैरे.

२५ एप्रिल
काल रात्री लिहायला उजेड नव्हता. काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण बाजारात वेगळं सांगतील.

शेठ वेळेवर आले. बसले. मी उठून पहिला दिवा लावला. मग दुसरा. मग आतला आणि पडवीतला. चार दिवे एका वेळी आमच्या आळीत कोणाकडे नाहीत. शेठ वर बघत म्हणाले, वा. सोपानरावांचा चेहरा मला दिसला. त्यांनाही बरं वाटलं होतं. मी पत आणि जाड तार याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात स्विचपाशी बारीक धूर. मला वाटलं उदबत्ती. मग वातीने पेट घेतला. पेटणारच, ती वात होती. ज्योत तारेच्या मागोमाग भिंतीवरून चढू लागली. सोपानराव ती तार ओढायला धावले.

रतनबाई दारातून ओरडली, “सोपानराव, हात लावू नका!” आणि रिकामं पोतं घेऊन स्वतःच ज्योतीवर झोडपू लागली. मीटरच्या पेटीत एकदा मोठा फट्ट आवाज झाला. अंधार. आमच्याकडेच नव्हे. खांबापासून मारुतीच्या देवळापर्यंत सगळी आळी. माणसं दारात येऊन एकमेकांना विचारू लागली.

वाहिद कुठूनसा आला. कंदील धरून पेटी पाहिली, मग फ्यूज, मग मला. मी म्हणालो, माझी तार जळली नाही हे लक्षात घे. तो हळूच म्हणाला, “आबा, ती तार जळायसाठीच असते. ती जळली न्हाई म्हणून तुमची भिंत जळली.” मग कंपनीची खांबावरची माणसं बोलवायला निघून गेला.  त्यावर मी आताही विचार करतो आहे.

मी शेठना म्हणालो, कागद उद्या करू. मनात तळेगावची गाडी दिसत होती, मोटर चढवलेली. सोपानराव कोपऱ्यात उभे होते. हातातली टोपी सारखी फिरवत होते. शालू अंधारात चाचपडत आईकडे गेली.

शेठ उठलेच नाहीत. रतनबाईने माजघरातून घासलेटचा कंदील आणला, वात वर केली, चटईवर मधोमध ठेवला. तिचा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. शेठ कागद काढत म्हणाले, “आबा, गैरसमज नको. जामीन म्हणून वहिनींचं नाव घालतो. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा.”

मी विचारलं, माझं नाव का नाही? अकरा वर्षांत माझ्याकडे कधी कोणी पैसे मागितले?

शेठ म्हणाले, “मागायची वेळच नाही आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहिनी येतात. तुम्ही जे जे लिहायला सांगितलं ते वाचून घेतात आणि चुकतं करून जातात. वाण्याकडं, कापडवाल्याकडं, सगळीकडं तसंच. बाजार वहिनींना ओळखतो, आबा.”

मी कंदिलाकडे पाहिलं. त्याची काच अगदी स्वच्छ होती.

रतनबाईने कागद घेतला. मला वाटलं अंगठा देईल. तिने कागद कंदिलाजवळ नेला आणि बोट फिरवत सगळा वाचला. सावकाश, ओठ हलवत. दुसऱ्या कलमावर थांबली. पावसाळ्यात दळण कमी येतं, हप्ता श्रावणापर्यंत निम्मा घ्या, म्हणाली. शेठनी थोडा विचार करून तसं लिहिलं. मग तिने सही केली. रतनबाई. तिला लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. कधी शिकली, विचारलं. चिक्कीची ऑर्डर लिहायला शिकले, म्हणाली.

त्याखाली मी साक्षीदार म्हणून सही केली. शाईचा डाग पडला.

मोटर सोपानरावांना मिळाली. खरं सांगायचं तर रतनबाईचं नाव घालावं असं माझ्याही मनात होतं. मी फक्त बोललो नव्हतो.

२८ एप्रिल, गुरुवार
कंपनीचा इन्स्पेक्टर आला. तरुण आहे. लाखेचं सील त्याने बोटाने चाचपून पाहिलं. मग ठसा कशाचा ते विचारलं. मी बटण दाखवलं. नियमाप्रमाणे नोंद केली आहे असं सांगून ही डायरी पुढे केली. त्याने २२ तारखेचं पान वाचलं आणि ते तो आपल्या वहीत उतरवून घेऊ लागला. तेव्हा मला थोडी शंका आली.

कनेक्शन तोडलं. परत हवं असेल तर लायसनवाल्या मिस्त्रीकडून सगळं फिटिंग नव्याने करायचं आणि अनामत पुन्हा भरायची. माझं नाव त्यांनी कुठल्याशा रजिस्टरात घातलं आहे. नाव रजिस्टरात आलं, यातही काही वाईट नाही असं आधी वाटलं. नंतर वाटेना.

३० एप्रिल
रतनबाई शालूबरोबर बेडशाला गेली. लेक-जावयाचं बिऱ्हाड इकडे हलवायचं आहे, हाताखाली माणूस हवं. जाताना पीठ, डाळ दाखवून गेली. किती दिवस, असं मी विचारलं. बघू, म्हणाली. रागात नव्हती. दमलेली होती. हाताला पट्टी होती.

संध्याकाळी चहापूड संपल्याचं लक्षात आलं. ती सांगायला विसरली असेल. वाण्याकडे गेलो. पावशेर चहा, पावशेर साखर, लिहून घ्या. त्याने मला बाकावर बसवलं, हालहवाल विचारली, तंबाखू दिली. आणि म्हणाला, वहिनी आल्या की लिहू. चहाची पुडी त्याच्या हाताशीच होती. त्याने ती परत फळीवर ठेवली.

नथूशेठकडे मिस्त्रीकामाची वायर विचारली. तिथेही तेच, जास्त गोड शब्दांत. वाहिद म्हणाला, काम करीन आबा, फुकटसुद्धा करीन, पण वहिनींनी सांगितल्यावर. तुम्ही सांगितलं आणि मधेच हात घातलात तर माझं लायसन जाईल.

घरी येऊन गूळ घालून गरम पाणी प्यालो. वाईट लागत नाही. फार चांगलंही लागत नाही.

३ मे, मंगळवार
दोन दिवस लिहिलं नाही. संध्याकाळी दिसत नाही आणि कंदिलाची काच पुसायचा कंटाळा येतो. मला. काचेचा.

आज तिला पत्र लिहायचं ठरवलं. घरात एकच पोस्टकार्ड आहे, बिघडलं तर दुसरं कोण देणार, म्हणून आधी इथे कच्चं लिहितो.

सौ. रतनबाई यांस, रखमाजीचा आशीर्वाद. पत्र लिहायला तीन दिवस उशीर झाला, त्याची माफी. कामात होतो. (हे खोडायचं. काही काम नव्हतं.) इकडे सर्व खुशाल आहे. भिंत काळी आहे ती तशीच ठेवली आहे, हात लावलेला नाही. कशालाच लावलेला नाही. तुझ्या हाताचं कसं आहे ते कळव. खोबरेल लावत जा. पोतं घेऊन तू पुढे झालीस तेव्हा मी कुठे होतो, असं शालू विचारील. मी स्टुलामागे होतो. तिला सांग.

सोपानरावांची गिरणी कधी सुरू होते ते कळव. पहिलं दळण आपल्या घरचं न्यावं असं माझ्या मनात आहे, पण गहू आणायचा तर वाण्याला सांगावं लागेल.

दुसरं असं की दोन चिठ्ठ्या पाठव. एक वाण्याच्या नावाची, चहा आणि साखरेसाठी. दुसरी वाहिद मिस्त्रीच्या नावाची, दिव्यांसाठी. त्यात म्हण की आबा मधे बोलणार नाहीत. मजकूर मी लिहिला तरी चालेल, पण खाली तुझी सही पाहिजे. माझी चालत नाही असं दिसतं.

आणि तू केव्हा येतेस ते लिही. दिवस नक्की नसेल तर अंदाजे लिही. दोन ओळी पुरे, पण लवकर धाड.